शेजाऱ्यांची रिकामी भांडी

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७



अलीशा संदेष्ट्याच्या चरित्रात एका विधवेची अवघ्या सात वचनांची हकिकत आली आहे. तिचा पती संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एक होता. तो देवभीरू होता, पण मरताना मागे कर्ज ठेवून गेला. सावकार दारात येऊन उभा राहिला, आणि घरात देण्याजोगे काहीच नाही हे पाहून तो तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यास निघाला. ती अलीशाकडे धावली आणि आपले गाऱ्हाणे तिने त्याच्यापुढे मांडले. अलीशाने तिला विचारले की, तुझ्या घरात आहे तरी काय? ती म्हणाली की, थोड्याशा तेलावाचून माझ्यापाशी काही नाही. तेव्हा त्याने तिला मोठे चमत्कारिक काम सांगितले. आपल्या सर्व शेजाऱ्यांकडे जा, त्यांची रिकामी भांडी मागून आण, आणि मागताना संकोच करू नकोस, पुष्कळ आण. मग मुलांसह घरात जाऊन दार लाव आणि ओतू लाग. पुढे काय झाले ते आपणा सर्वांस ठाऊक आहे. एकामागून एक भांडे भरत गेले. शेवटी तिने मुलाला आणखी भांडे मागितले, तेव्हा तो म्हणाला की, आता एकही उरले नाही. त्याच क्षणी तेल थांबले.

ही हकिकत आपण बहुधा देवाच्या पुरवठ्याचे उदाहरण म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आज तिच्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावे असे वाटते. ज्या परमेश्वराला थोडेसे तेल वाढवता आले, त्याला तिच्या घरातल्या भांड्यांतच ते वाढवता आले नसते काय? सावकाराच्या हाती थेट पैसे देणे त्याला अशक्य होते काय? तरीही त्याने त्या कर्जबाजारी विधवेला शेजाऱ्यांच्या दारोदार पाठवले. तेल देवाचे होते आणि भांडी शेजाऱ्यांची होती. या दोहोंची गाठ पडली तेव्हा दोन मुलगे दास्यातून सुटले.

आपल्यातील पुष्कळ कुटुंबे आज नोकरी, शिक्षण किंवा सैन्यातील बदली यांच्या निमित्ताने आपापली गावे सोडून बंगळूरसारख्या शहरांत राहत आहेत. हे शहर मराठी माणसाला अगदीच परके नाही. सतराव्या शतकात ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी आहेत. आपल्या मंडळ्यांतील कितीतरी सेवकांनी १९१० साली स्थापन झालेल्या तेथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ईश्वरविज्ञानाचे धडे घेतले आहेत. तरीही तेथे राहणाऱ्या एखाद्या मराठी तरुणाला विचारून पाहा. गावी असताना तो गाणी रचत असे, नाताळच्या नाटिका लिहीत असे, उपासनामंदिराच्या भिंतीवर चित्रे काढीत असे. आता काय करतोस असे विचारले, तर तो म्हणतो की, येथे काही सुचत नाही. येथे माझी भाषा कोणाला कळत नाही. येथे मला वाव देणारे कोणी नाही. त्याचे घर तिसऱ्या मजल्यावर असते. जिन्यात समोरासमोर चार दारे असतात, आणि त्या चारांपैकी एकाही दारामागील माणसाचे नाव त्याला ठाऊक नसते. त्याच्यापाशी तेल आहे. भांडी नाहीत म्हणून ते थांबले आहे.

म्हणून या शास्त्रभागातील चार आज्ञांच्या प्रकाशात, देवाने दिलेले दान शेजाऱ्यांच्या सहवासात कसे वाहू लागते हे आपण पाहू या.

१. घरात काय आहे ते ओळखा

त्या स्त्रीचे पहिले उत्तर ‘काही नाही’ असेच होते. तेलाची आठवण तिला नंतर झाली. दारिद्र्याची सवय झालेल्या मनाला आपल्याजवळचे थोडेसे दिसत नाही. अलीशाने तिच्या त्या थोडक्याला हसून सोडून दिले नाही; त्यावरच त्याने पुढची सारी उभारणी केली.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. त्यांचे शालेय शिक्षण असे काहीच झाले नव्हते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्या कवीच्या घरात त्या वावरत होत्या. त्यांच्या विद्वत्तेशी बरोबरी करण्याचा विचार त्यांनी केला असता, तर त्यांच्या हातून एक ओळही लिहून झाली नसती. त्यांच्या घरात होती ती मराठी बायकांची रोजची बोली, विनोदबुद्धी, आणि पाहिलेले नेमके आठवण्याची हातोटी. त्या एवढ्याशा तेलातून ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक उभे राहिले. १९३४ साली त्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि आजही मराठी वाचक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ते आवडीने वाचतो. त्या पुस्तकात कोण आहे? सासर-माहेरची माणसे, शेजारणी, गडीमाणसे, अनाथ मुले, प्लेगच्या छावणीतील रोगी. लक्ष्मीबाईंची प्रतिभा त्यांच्या शेजाऱ्यांनी भरलेली आहे.

म्हणून, वाचकहो, आपल्यापाशी काय नाही याची यादी पुरे करा. एखाद्या भगिनीला सुबक कशिदा येत असेल, एखाद्याला ढोलकीवर ठेका धरता येत असेल, एखाद्याला लहान मुलांना गोष्ट रंगवून सांगता येत असेल. हे थोडके आहे खरे. पण परमेश्वर त्याच्याविषयीच विचारीत आहे.

२. शेजाऱ्यांकडे जा आणि मागा

दुसरी आज्ञा अधिक कठीण आहे, कारण तिच्यात मानाला ठेच लागते. द्यायला जाणे आपणास आवडते. मागायला जाणे आवडत नाही. आपण ख्रिस्ती लोक तर शेजाऱ्याकडे पाहताना आपण देणारे आणि तो घेणारा असेच बहुधा समजतो. अलीशाने त्या स्त्रीला मागणारी म्हणून पाठवले. तिने काय मागायचे होते हेही पाहा. तेल मागायचे नव्हते, पैसे मागायचे नव्हते. मागायचे होते ते रिकामे भांडे, आणि ते गरिबातल्या गरीब घरीही असते. शेजाऱ्याचे रिकामे भांडे म्हणजे त्याची उणीव, त्याची भूक, त्याची भाषा, त्याच्या जगण्याचा आकार. आपल्या दानाला आकार येतो तो त्यातूनच. तेलाला स्वतःचा आकार नसतो. ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार ते घेते.

आपल्या प्रभूनेही हाच मार्ग धरला. सूखार गावाच्या विहिरीवर तो थकून बसला आणि ज्या स्त्रीला जिवंत पाणी द्यायचे होते, तिच्याकडेच त्याने प्रथम पाणी मागितले (योहान ४:७). त्याच्या दाखल्यांकडे पाहा. पिठात खमीर घालणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावणारा मनुष्य, बी पेरणारा, जाळे ओढणारे: ही सारी माणसे कोठून आली? सुमारे तीस वर्षांचा होईपर्यंत तो नासरेथात सुतारकाम करणाऱ्या घरात राहिला होता. स्वर्गाच्या राज्याविषयी बोलताना त्याने शेजाऱ्यांच्या चुलीतून, अंगणातून आणि शेतातून शब्द उचलले. देवाच्या पुत्राला जर गल्लीतल्या माणसांकडून दृष्टांत घेण्यात कमीपणा वाटला नाही, तर आम्हाला तो का वाटावा?

या आज्ञेचे पालन एका कलावंताने बंगळूरच्या परिसरात कसे केले ते आता पाहू. ज्योती साही यांचा जन्म १९४४ साली पुण्यात झाला. लंडनच्या कॅम्बरवेल कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. तेथे शिकून आलेल्या चित्रकाराला मुंबई-दिल्लीच्या चित्रदालनांची वाट धरता आली असती. भारतात परतल्यावर त्यांनी केरळात लॉरी बेकर या वास्तुशिल्पकाराबरोबर काम केले. बीड ग्रिफिथ्स यांच्या सहवासात आश्रमजीवनाचा परिचय करून घेतला. आणि पुढे पत्नी जेन यांच्यासह बंगळूर शहराबाहेरील सिल्वेपुरा या खेड्यात ते राहू लागले. कानडीत क्रूसाला शिलुबे म्हणतात, आणि त्या गावाच्या नावात तोच शब्द आहे. तेथे त्यांनी कलेचा आश्रम उभा केला. शेतकरी, मजूर, मुले आणि कारागीर यांच्यामध्ये राहून ते चित्रे काढू लागले.

त्या काळी बंगळूरमध्ये आणखी एक कार्य चालू होते. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली, आणि १९६७ साली फादर अमलोरपवदास यांच्या पुढाकाराने बंगळूर येथे कॅथलिक मंडळीचे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र सुरू झाले. भारतीय माणसाने भारतीय भाषेत, भारतीय हावभावांनी देवाची उपासना कशी करावी याचा तेथे विचार होत होता. तेथील प्रार्थनामंदिरालाही भारतीय रूप देण्यात आले, आणि त्याच्या सजावटीत साहींच्या कलेचा हात आहे. ज्याला खेड्यात राहून कोणी विचारणार नाही असे वाटले असते, त्याला काम मिळाले ते जवळच्याच माणसांकडून. संधी दूरच्या शहरातून पत्राने आली नाही. ती शेजारून आली.

साहींचे एक चित्र मला या शास्त्रभागाचे भाष्यच वाटते. त्याचे नाव ‘दलित मडोना’. ते पुढे इंग्लंडमधील मेथडिस्ट मंडळीच्या आधुनिक चित्रसंग्रहात गेले. त्या चित्राची कल्पना घरातील वाटणाच्या दगडावरून सुचली आहे. कानडी घरातील ओरळुकल्लु म्हणजे आपला रगडा. खाली जमिनीत बसवलेला, मध्ये खळगा असलेला मोठा दगड. आणि त्या खळग्यात फिरणारा अंड्याच्या आकाराचा लहान दगड. मोठा दगड ही आई आणि लहान दगड हे तिचे बाळ. साहींनी त्या दोन दगडांत मरिया आणि तिच्या मांडीवरचा येशू पाहिला. मराठी वाचकाला हे पटकन उमगेल. आपल्या मुलखात कित्येक घरी बारशाच्या दिवशी बाळाआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवण्याची रीत आहे. वाटण करणाऱ्या बायकांना दगडातले बाळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. रोज पहाटे आंबवणाचे पीठ वाटणाऱ्या, घाम गाळणाऱ्या, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या बाईच्या दगडात तारणाऱ्याच्या मातेचे दर्शन व्हावे, यासाठी चित्रकाराने त्या बाईच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले पाहिजे. लंडनची विद्या हे त्याच्या कुपीतले तेल होते. भांडे त्या बाईकडून आले.

आणि ज्यांना आपण साधे भाविक म्हणतो, ते या बाबतीत कलावंतांच्याही पुढे असतात. बंगळूरच्या शिवाजीनगरातील सेंट मेरीज बॅसिलिकेत मरियेच्या मूर्तीला साडी नेसवलेली असते. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या सणाला तेथे सर्व धर्मांचे लोक लोटतात. मरिया आपल्यातली आहे हे त्यांना कोणा विद्वानाने शिकवावे लागले नाही. मूर्तीविषयी आपल्या वाचकांत मतभेद आहेत, आणि तो वाद येथे नको. इतकेच पाहा की, देव आपल्या घरी आला आहे हे सांगायला लोकांनी आपल्या घरातलेच वस्त्र काढून दिले.

आपल्या मराठी मंडळीलाही हा अनुभव नवा नाही. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी गावोगाव लोक ज्या कीर्तनाला जमत, त्याच कीर्तनाच्या रूपात ख्रिस्ताची कथा गाण्यास आरंभ केला. टिळकांनी शेजारच्या वारकऱ्याच्या ओठावरचा अभंग घेतला, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते मोकळ्या मनाने सांगत. ज्या टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या हाती नवा करार कोणी दिला होता? नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेल्या एका सहप्रवाशाने. काव्याच्या गोष्टी निघाल्या, ओळख झाली, आणि पुस्तक हातात आले. मराठी ख्रिस्ती काव्याचा इतिहास त्या बाकावरच्या शेजाराला मोठा ऋणी आहे.

आपण राहतो त्या गल्लीत कोण कोण आहे याचा विचार करा. कोपऱ्यावरचा शिंपी कोणत्या गावचा आहे? खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ पूर्वी शाळेत कानडी शिकवीत होते, हे आपणास माहीत आहे काय? संध्याकाळी ज्या घरातून हार्मोनियमचे सूर येतात, त्या घराची घंटा आपण कधी वाजवली आहे काय? ‘अण्णा, आमच्या नाताळच्या गाण्याला तुमच्याकडची एखादी चाल शिकवाल का?’ ‘अक्का, तुमच्याकडे अंगाईगीत कसे म्हणतात, सांगाल का?’ अण्णा आणि अक्का हे शब्द तर आपल्या व त्यांच्या भाषेत सारखेच आहेत. एवढा एक प्रश्न विचारायला दार ओलांडले, की पहिले भांडे घरात आले म्हणून समजा. प्रेषित पौल करिंथात एकटाच आला होता. त्याला अक्विल्ला व प्रिस्किल्ला भेटले ते एकाच धंद्याचे, राहुट्या करणारे, म्हणून (प्रेषितांची कृत्ये १८:२-३). कामाच्या निमित्ताने जडलेल्या त्या शेजारातून मंडळीची सेवा वाढली.

३. दार लावून घ्या

तिसरी आज्ञा दुसरीच्या विरुद्ध वाटेल. इतका वेळ दारोदार फिरवलेल्या स्त्रीला अलीशाने घरात जाऊन दार लावण्यास सांगितले. भांडी शेजाऱ्यांपुढे मागितली, पण तेल देवापुढे ओतले. बाजाराच्या गोंगाटात, लोक काय म्हणतील याकडे कान देऊन, ते काम होणारे नव्हते.

येथे एका प्रामाणिक शंकेचा विचार केला पाहिजे. कित्येक वाचक म्हणतील की, शेजाऱ्यांचे आकार, त्यांच्या चाली, त्यांच्या रीती मंडळीत आणल्या, तर त्यांबरोबर नको तेही आत येईल. ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. इस्राएल लोक मिसरातून निघाले तेव्हा त्यांनी आपल्या मिसरी शेजाऱ्यांकडून सोन्यारुप्याचे दागिने मागून घेतले होते (निर्गम १२:३५). पुढे रानात सोन्याच्या कुंडलांचे वासरू झाले, आणि नंतर लोकांनी स्वखुशीने आणलेल्या सोन्यातून निवासमंडपाची पवित्र उपकरणेही झाली. सोने तेच होते. वासरू झाले तेव्हा लोक अधीर झाले होते आणि मोशे डोंगरावर होता. निवासमंडप झाला तेव्हा परमेश्वराने बसालेल व अहलियाब यांना नावाने पाचारण केले होते, आणि बसालेलाला आपल्या आत्म्याने भरून बुद्धी व कारागिरी दिली होती (निर्गम ३१:१-६). भांडे कोणाच्या घरचे आहे एवढ्यावरून निवाडा होत नाही. त्यात काय ओतले जात आहे, आणि ते कोणासमोर ओतले जात आहे, यावरून होतो. म्हणून दार लावणे आवश्यक आहे. प्रार्थना, वचनाचे मनन, आणि हातातल्या कामाची दीर्घ मेहनत यांना पर्याय नाही.

दार लावून काम करणाऱ्याला एकटेपणही सोसावे लागते. चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे झाला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्यासारख्या गुरूंपाशी त्यांनी भारतीय चित्रपद्धतीचे शिक्षण घेतले. परत येऊन त्यांनी आपल्या आजूबाजूच्या स्त्रियांसारखी साडी नेसलेली सावळी मरिया रंगवली. विदेशी चित्रांची सवय झालेल्या त्यांच्याच बांधवांनी त्यावर नापसंती दर्शवली. फोन्सेका गोवा सोडून पुण्यास आले आणि तेथील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमाने त्यांना जागा दिली. येथेही शेजार कसा कामास आला ते पाहा. फोन्सेका कॅथलिक होते, आणि तो संघ रेव्हरंड विन्स्लो या अँग्लिकन सेवकाने स्थापलेला होता. स्वतःच्या घरी ज्याला आसरा मिळाला नाही, त्याला दुसऱ्या मंडळीने आपले अंगण दिले. १९६७ साली पुण्यात त्यांचे निधन होईपर्यंत ते चित्रे काढीत राहिले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यातच, पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत, सन्मानाने ठेवलेला आहे. ज्या भूमीने एकदा तोंड फिरवले, तिनेच ती भांडी अखेर आत घेतली.

म्हणून, आपल्या मंडळीतील एखाद्या तरुणाने नवी चाल लावली, नवे चित्र काढले, तर पहिल्याच दिवशी त्याच्यावर तुटून पडू नका. दार लावून त्याच्याबरोबर प्रार्थनेला बसा. त्याला प्रश्न जरूर विचारा, पण त्याच्या हातातले भांडे फोडू नका.

४. कर्ज फेडा आणि उरलेल्यावर जगा

तेल थांबल्यावर ती स्त्री पुन्हा देवाच्या माणसाकडे आली. आता हे माझेच, असे तिने गृहीत धरले नाही. त्याने सांगितले की, तेल विक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू व तुझे मुलगे निर्वाह करा. चमत्काराने मिळालेल्या धनावरही पहिला हक्क देण्याचा होता. आणि शास्त्रात लिहिलेले नसले तरी, मागून आणलेली भांडी तिने एकेक करून परत केली असतील यात संशय कशाला? रिकामी नेलेली भांडी परत देताना तिने प्रत्येकाला आपली कथाही सांगितली असेल.

शेजाऱ्यांकडून स्फूर्ती घेणाऱ्याने ही आज्ञा विसरता कामा नये. एखाद्या कारागिराची नक्षी आपण आपल्या उपासनामंदिराच्या दारावर उतरवली आणि त्याला नाव दिले नाही, एखाद्या मजूर बाईचे गाणे आपल्या गीतपुस्तकात घेतले आणि तिची विचारपूस केली नाही, तर आपण स्फूर्ती घेतली असे म्हणता येणार नाही. आपण उचलेगिरी केली. कामकऱ्याची अडकवून ठेवलेली मजुरी परमेश्वराच्या कानी ओरडते, असा इशारा याकोबाने दिला आहे (याकोब ५:४). तो नक्षीच्या व गाण्याच्या मजुरीलाही लागू आहे.

सिल्वेपुऱ्यात ही फेड कशी झाली ते सांगण्यासारखे आहे. जेन साही यांनी १९७५ साली तेथे गावातील मुलांसाठी ‘सीता स्कूल’ नावाची लहानशी शाळा सुरू केली. मुलांनी आपल्या मातृभाषेतून, आपल्या हातांनी काम करीत, चित्रे काढीत आणि गोष्टी सांगत शिकावे, असा तिचा बेत होता. ज्या गावाने चित्रकाराला आकार दिले, त्या गावाच्या लेकरांच्या हातात त्या घराने रंग आणि अक्षरे दिली. भांडे भरून परत गेले.

टिळकांनीही आपल्या अखेरच्या काळात, १९१७ साली, ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही ख्रिस्ताच्या नावाने बसायला जागा दिली. ज्यांच्याकडून आपण अभंग घेतला त्यांना दाराबाहेर उभे ठेवावे, हे त्यांच्या मनाला पटले नाही. त्या प्रयोगाविषयी तेव्हा मतभेद झाले आणि आजही होतील. पण कर्ज फेडण्याची त्यांची तळमळ खरी होती.

ज्या संकटातून या कथेचा आरंभ झाला तेही विसरू नये. सावकार दोन मुलांना न्यायला आला होता. आजही आपल्या घरांतील मुले दास होऊन जात आहेत. कोणी एकाकीपणाचा, कोणी दारूचा, कोणी रात्रंदिवस हातातल्या पडद्याचा. त्यांच्यापाशी दान आहे, पण ते ओतायला जागा नाही, आणि न वापरलेले दान माणसाला आतून कुजवते. ज्या मुलाला शेजारच्या दहा घरांत ‘आमच्या पोराला गाणे शिकव रे’ असे म्हणणारी माणसे आहेत, त्याला सावकार सहजासहजी नेऊ शकत नाही. त्या विधवेनेही मुलांना कामाला लावले होते. भांडी तिच्यापुढे आणून देणारे तिचे मुलगेच होते. स्वतःच्या सुटकेच्या कामात त्यांचे हात होते. आपल्या तरुणांना आपण मंडळीत केवळ बाकांवर बसवून ठेवतो, की भांडी आणायला पाठवतो?

शेवटी त्या शेवटच्या वचनाकडे वळू. तेल कशाने थांबले? देवाची कृपा आटली म्हणून नव्हे. घरात आणखी भांडे नव्हते म्हणून. तिने आणखी दोन दारे ठोठावली असती, तर आणखी दोन भांडी भरली असती. किती तेल मिळणार हे एका अर्थी तिने शेजाऱ्यांच्या किती दारांशी जाण्याचे धैर्य केले यावरच ठरले.

या रविवारी उपासनेहून परतताना, जिन्यातल्या त्या चार दारांपैकी एक दार ठोठवा. काही देण्यासाठी जाऊ नका. काही विचारण्यासाठी, शिकण्यासाठी, मागण्यासाठी जा. कदाचित आत एखादे रिकामे भांडे आपली वाट पाहत असेल.

प्रार्थना : हे पित्या, तू आमच्या कुपीत घातलेल्या थोडक्या तेलाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्या गावात व ज्या नगरात तू आम्हाला नेऊन ठेवले आहेस, तेथील शेजाऱ्यांकडे नम्रतेने जाण्याची बुद्धी आम्हाला दे. त्यांच्याकडून घेतलेले आम्ही तुझ्यासमोर शुद्ध अंतःकरणाने वापरू, त्यांचे देणे प्रामाणिकपणे फेडू, आणि आमची मुले तुझ्या सेवेत मोकळी राहतील असे कर. तुझा पुत्र, जो नासरेथात लोकांचा शेजारी होऊन राहिला, त्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.